एका आवारात पाच रंगमंच

नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या एनसीपीएच्या, म्हणजे ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’च्या आवारात पाच सभागृहं आहेत. टाटा थिएटर, जमशेद भाभा थिएटर, एक्स्पेरिमेंटल थिएटर, लिटल थिएटर आणि गोदरेज डान्स थिएटर. दादरच्या शिवाजी मंदिरात एकाच रंगमंचावर सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं आणि रात्री तिसरं होतं, मधल्या वारी एखादा लावणीचा कार्यक्रम होतो, गाण्याची मैफलही होते. मग इथे पाच कशाला, हा प्रश्न मराठी प्रेक्षकाला पडणं रास्त आहे. श्रीमंती हे त्याचं अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं असं की ख्याल, सिंफनी, गद्य नाटक आणि कथक यांच्या गरजा एकमेकींच्या मुळावर येतात. एकीसाठी खोली उत्तम केली की दुसरीचं हमखास काहीतरी बिघडतं.

अनेक कलांनी एकाच छपराखाली नांदावं ही हौस मुंबईला जुनीच. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत चित्रकारांचे स्टुडिओ होते, इब्राहिम अल्काझींची नाटकं होती, रविशंकरांचं ‘किन्नर’ हे संगीतविद्यालय होतं, आणि मराठीतल्या नव्या रंगभूमीलाही तिथे जागा मिळाली होती. पुढे जमशेद भाभांनी जे. आर. डी. टाटांच्या पाठबळावर एनसीपीए सुरू केली, ती १९६९ साली, त्याच रस्त्यावरच्या आकाशगंगा इमारतीत. नरिमन पॉइंटची जागा समुद्रात भराव घालून तयार झाली आणि १९८० साली तिथे टाटा थिएटर उघडलं. पु. ल. देशपांडे संस्थेचे मानद संचालक होते, डॉ. अशोक रानडे संशोधनाची बाजू सांभाळत होते, पुढे विजया मेहता कार्यकारी संचालक झाल्या. ‘ती साहेबी जागा, आपली नव्हे’ असं दादर-गिरगावात अजूनही कुणी म्हणालं, तर ही तीन नावं आठवावीत.

आता मुद्द्याचं. सभागृहात आवाज दोन वाटांनी कानावर येतो. एक थेट गळ्यातून, आणि दुसरा भिंती-छतावर आपटून. आपटून येणारा आवाज थेट आवाजाच्या मागोमाग, साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर कान दोन्ही एकत्र करतात आणि मूळ आवाज भरदार वाटतो. त्याहून बराच उशिरा आणि ताकदीने आला तर तो वेगळा ऐकू येतो, म्हणजे प्रतिध्वनी. आवाज ५० मिलिसेकंदांत साधारण १७ मीटर जातो. म्हणून रंगमंचापासून नऊ-दहा मीटरच्या पुढे एखादी सपाट, कडक भिंत असेल, तर गायकाच्या स्वतःच्याच कानावर त्याची तान परत येऊन आदळते. मागची भिंत वक्र असेल तर आणखी पंचाईत, कारण ती सगळा आवाज गोळा करून एका जागी फेकते, आणि ती जागा बहुधा नेमकी रंगमंचावरच असते. जुन्या सभागृहांत तबलजी ‘मला माझाच ठेका मागून ऐकू येतोय’ म्हणतो तेव्हा तो नखरे करत नसतो.

आपटत राहिलेल्या आवाजाचं एकूण रेंगाळणं म्हणजे निनाद. तो किती सेकंद टिकेल याचं सूत्र हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं, आणि पहिल्या अंदाजासाठी आजही तेच लावतात. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. शोषण मोजतात चौरस मीटरमध्ये. आवाज सरळ बाहेर निघून जाणारी एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक. खुर्चीत बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषतो.

आकडे घालून बघू. ९,००० घनमीटरचं, हजार खुर्च्यांचं एक सभागृह धरा. सिंफनी ऑर्केस्ट्राला सुमारे दोन सेकंदांचा निनाद हवा, म्हणजे शोषण सव्वासातशेच्या आसपास. ख्यालाला, नाट्यसंगीताला १.२ सेकंद धरले, तर शोषण लागतं बाराशेच्या वर. फरक ४८०चा. म्हणजे जवळपास हजार प्रेक्षक जेवढा आवाज खातात तेवढा! हा फरक पडदे लावून भरून काढायचा, तर चुण्या घातलेला जाड मखमली पडदा ९०० चौरस मीटरच्या आसपास लागेल. तो टांगायचा कुठे, गुंडाळायचा कुठे, आणि मुंबईच्या दमट हवेत त्याला बुरशी लागू द्यायची नाही ती कशी, हे पुढचे प्रश्न. ‘बहुउद्देशीय सभागृह’ हा नगरपालिकांचा लाडका शब्द. त्याचा खर्च या गणितात दडलेला असतो आणि निविदेत तो सहसा दिसत नाही.

गद्य नाटकाला तर सेकंदाच्याही खाली, ०.८ ते १ सेकंद निनाद बरा. मराठी नट भराभर बोलतो तेव्हा सेकंदाला पाच-सहा अक्षरं जातात. दोन सेकंदांच्या निनादात दहा-बारा अक्षरांचा लगदा हवेत तरंगत राहतो. त्यात सगळ्यात आधी बुडतात ती व्यंजनं, आणि विनोदी नाटकात हशा शेवटच्या शब्दाच्या व्यंजनावर अवलंबून असतो. तोच दोन सेकंदांचा निनाद व्हायोलिनच्या ताफ्याला मात्र सोन्यासारखा, कारण तिथे एका स्वराने पुढच्या स्वरात विरघळावं अशीच अपेक्षा असते. ख्याल मधोमध अडकलेला आहे. विलंबितात सुराला थोडी आस हवी आणि द्रुतात सेकंदाला आठ-दहा स्वरांची तान दाणेदार ऐकू यायला हवी, तेही एकाच रागात, एकाच बैठकीत.

टाटा थिएटरची रचना फिलिप जॉन्सनची आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिसची. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसचं ध्वनीचं काम करणाऱ्यांतले हेच हॅरिस. इथे त्यांना हवं होतं ते वेगळंच. हजारभर माणसं बसावीत, पण ती बैठकीतल्यासारखी कलाकाराच्या जवळ असावीत आणि ध्वनिक्षेपकाशिवाय काम व्हावं. म्हणून सभागृह पंख्याच्या आकाराचं, मागे रुंदावत गेलेलं, १,०१० आसनांचं, आणि रंगमंच फिरता. पंख्याच्या आकाराने शेवटची रांग जवळ येते, हा त्याचा गुण. दोष असा की बाजूच्या भिंती तिरक्या असल्यामुळे त्यांच्यावरून निघालेला आवाज मागे पळतो आणि मधल्या रांगांना बाजूने मिळणारी साथ तुटते. असल्या सभागृहात ही भरपाई छताने करायची असते. छताचे पृष्ठभाग तोडून, वेगवेगळ्या कोनांत वळवून आवाज खाली मधल्या रांगांवर उतरवावा लागतो. त्यामुळे पुढच्या खेपेला टाटाला गेलात की मान वर करून छत बघा. सजावट वाटते, पण बराचसा कार्यक्रम आपण तिथून ऐकत असतो.

ध्वनिक्षेपकाशिवाय गाणं ऐकू यावं यासाठी खोली शांतही लागते, आणि मुंबईत शांतता विकत घ्यावी लागते. वातानुकूलनाची हवा अरुंद नळातून जोरात सोडली की सुस्कारा ऐकू येतो. तीच हवा रुंद नळातून सावकाश सोडली की येत नाही. रुंद नळाला छतात जागा लागते, जागेला पैसे लागतात. स्वस्तात बांधलेल्या सभागृहात तानपुऱ्याचा खर्ज आणि एसीची घरघर एकमेकांत मिसळतात आणि गायक नकळत त्या घरघरीशी सूर जुळवू पाहतो. कान तयार असलेल्या गायकाला याचा भयंकर त्रास होतो. तो बिचारा बोलून दाखवत नाही, नुसता तानपुरेवाल्याकडे पाहत राहतो.

तानपुऱ्याचंच घ्या. चार तारा, प-सा-सा-सा, आणि मालकंससारखा पंचम नसलेला राग असेल तर पहिली तार मध्यमाला. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक धागा. तो केसभर पुढे-मागे सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उघडते नाहीतर बंद पडते. हे वाद्य बाहेरच्या ८०-८५ टक्के दमट हवेतून टॅक्सीने येतं, ग्रीनरूमच्या थंड हवेत लागतं, आणि मग रंगमंचावरच्या दिव्यांखाली जातं. थंडीत तार आखडून सूर चढतो, दिव्यांच्या उष्णतेने सैलावून उतरतो. म्हणून ग्रीनरूममध्ये कितीही सुरेल लावलेला असो, तानपुरा रंगमंचावर, एसी आणि दिवे कार्यक्रमाच्या वेळी असतील तसेच चालू ठेवून, किमान अर्धा तास आधी नेऊन ठेवायला हवा आणि तिथेच पुन्हा लावायला हवा. तबल्याचं उलट. कोरड्या हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणते आणि स्वर चढतो, ओल्यात ढिली पडते. ग्रीनरूममध्ये काळी एकला चोख लावलेला तबला पडदा उघडल्यावर दहा मिनिटांत थोडा वर गेलेला असतो. मग पहिल्या विलंबित बंदिशीत हातोडीची टकटक ऐकू येते आणि रसिक म्हणतात, ‘आधी लावून नाही का बसायचं?’ लावलेला असतो हो. खोली चुकीची होती.

ध्वनिक्षेपक वापरायचाच तर शिट्टी येण्याचं गणित साधं आहे. चालू माइकांची संख्या दुप्पट केली की शिट्टी येण्याआधी मिळणारा आवाज तीन डेसिबलने घटतो. गायक माइकपासून दुप्पट लांब सरकला की सहाने घटतो. मैफलीत गायकाचा एक, पेटीचा एक, तबल्याचे दोन, दोन तानपुऱ्यांचे दोन, मागे साथीला बसलेल्या शिष्यांचे दोन, असे आठ माइक सहज होतात. त्यात गायक ‘मॉनिटरमध्ये’, म्हणजे कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, ‘तानपुरा वाढवा’ म्हणतो, पेटीवाला ‘माझी पेटी’ म्हणतो, तबलजी ‘बुवांचा आवाज’ म्हणतो. प्रत्येकाचं वाढवत गेलं की शेवटी सगळे बसलेत मॉनिटरच्या आवाजात आणि प्रेक्षकांना ऐकू येतो तो त्याचाच उष्टा आवाज. अनुभवी ध्वनीसंयोजक अशा वेळी वाढवत नाही, कमी करतो. पेटी मॉनिटरमधून काढून टाकतो, डग्ग्याचा खालचा घुमारा छाटतो, तानपुऱ्याचा माइक भोपळ्यापासून वीतभर अंतरावर आणतो. तीन मिनिटांत सगळ्यांना सगळं ऐकू यायला लागतं. आणखी एक. ध्वनितपासणी रिकाम्या सभागृहात होते आणि कार्यक्रम भरलेल्या. लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या असतील तर त्या दोन खोल्या निराळ्याच. चांगल्या गादीच्या खुर्च्या लावण्याचं कारण बुडाला आराम एवढंच नसतं. रिकामी गादी जवळपास माणसाइतका आवाज शोषते, म्हणून संध्याकाळी पाचला जे ऐकलं ते साडेसातलाही बऱ्यापैकी तसंच राहतं.

दिव्यांबद्दल माझा एक आग्रह आहे. नाटकाला प्रेक्षागृहात अंधार हवा, बॅलेला हवा, ऑर्केस्ट्रालाही चालतो. ख्यालाला नको. गायकाला समोरची मान हललेली दिसली पाहिजे, सम आल्यावर उठलेला हात दिसला पाहिजे. त्याची पुढची जागा त्यावर ठरते. प्रेक्षागृहातले दिवे पंधरा-वीस टक्क्यांवर ठेवले की पुढच्या आठ-दहा रांगा त्याला दिसतात. तरीही नाटकाच्या सवयीने प्रकाशवाले कार्यक्रम सुरू झाला की सगळं मालवतात आणि वर गायकाच्या डोळ्यांत समोरून दोन कडक दिवे सोडतात. मग तो काळोखाला गाऊन दाखवतो. निळे-हिरवे दिवे तर गवयाच्या तोंडावर टाकूच नयेत, आजारी दिसतो माणूस.

रात्रीच्या मैफलींचं काय झालं हेही इथेच सांगायला हवं. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई करतात. बंद सभागृहाला त्यातून सूट आहे. म्हणजे मैदानातली रात्रभराची बैठक गेली, आणि मध्यरात्रीनंतरचे राग कागदोपत्री तरी सभागृहांच्या हवाली झाले. प्रत्यक्षात सभागृहाचं भाडं सत्राप्रमाणे असतं आणि शेवटची गाडी गाठायची असते, त्यामुळे तेही होत नाही. सकाळच्या रागांची भूक मग दिवाळी पहाट भागवते. पण सहाला भैरव सुरू व्हायचा तर एसी चारला चालू हवा, आणि तो चालू करणारा माणूस बहुधा रात्री तिथेच झोपलेला असतो.

सिंफनीचं थोडक्यात उरकतो. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली एनसीपीएत सुरू झाला आणि त्याचं घर म्हणजे जमशेद भाभा थिएटर. ते बांधून होत आलेलं असताना १९९७ मध्ये आगीत जळालं, पुन्हा उभं राहिलं आणि १९९९ साली उघडलं. ऑपेरा-बॅलेसाठी बांधलेल्या अशा रंगमंचावर पडदे आणि देखावे वर ओढून घ्यायला उंच पोकळी असते. ऑर्केस्ट्रा त्या पोकळीखाली उघडा बसवला तर निम्मा आवाज वर जाऊन गडप होतो आणि पडद्यांत जिरतो. म्हणून वादकांच्या मागे, बाजूंना आणि डोक्यावर लाकडी कवच उभं करतात. त्याचे भाग हलके असून चालत नाहीत. पातळ प्लाय खर्जाच्या स्वरांबरोबर स्वतःच थरथरतो आणि खर्ज खाऊन टाकतो. ८० वादकांना साधारण दीडशे ते दोनशे चौरस मीटर जागा लागते, आणि त्यात नऊ फुटी पियानो आला तर त्याचं वजन पाचशे किलोच्या घरात. तो ढकलून जागेवर नेल्यानंतरच सुरात लावायचा, आधी लावून ढकलायचा नाही. व्हायोलिनला दमट हवा मानवत नाही आणि अति कोरडीही. सरसाने जोडलेले सांधे उकलतात. त्यामुळे कार्यक्रम नसलेल्या दिवशीही वाद्यांच्या खोलीचा एसी बंद करता येत नाही. विजेचं बिल कमी करायला निघालेल्या व्यवस्थापकाला हे समजावणं हे एक स्वतंत्र काम आहे.

नाचाकडे वळलं की खोलीपेक्षा जमीन महत्त्वाची होते. कथकच्या तत्कारात पायाचा तळवा सरळ जमिनीवर आपटतो. भरतनाट्यमचंही तेच. काँक्रीटवर बसवलेल्या लाद्यांवर, किंवा काँक्रीटवरच चिकटवलेल्या लाकडी थरावर, वर्षानुवर्षं नाचलं की नडग्या आणि गुडघे जातात. नीट जमीन अशी असते: तळाला रबराचे तुकडे, त्यावर आडव्या आणि त्यांवर उभ्या लाकडी पट्ट्या, वर प्लायचे दोन थर, पण एका थराचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर येता कामा नयेत. येतील तिथे जमीन दबते आणि नर्तकीचा पाय तिथेच मुरगळतो. त्यावर लाकूड. समकालीन नृत्यवाले त्यावर व्हिनाइलची चटई अंथरतात, त्यांना ती बरी. कथकवाल्यांना नको. घामेजलेला अनवाणी पाय चटईला चिकटतो, चक्करला गती मिळत नाही आणि तत्कार मुका होतो. त्यामुळे एकाच संध्याकाळी दोन्ही प्रकार असले तर आधी कथक घ्यावं आणि मध्यंतरात चटई घालावी. उलट क्रमात चटई उचलल्यावर चिकटपट्टीचा गोंद लाकडावर राहतो. तो काढायला मध्यंतर पुरत नाही.

नाटकानंतर त्याच रंगमंचावर नृत्य असेल तर आणखी जपावं लागतं. सेट उतरवताना खिळे, स्क्रू, ताराचे तुकडे, फळीच्या चिपा पडतात. झाडूने सगळं निघत नाही, फळ्यांच्या फटीत जातं. काठीला लोहचुंबक बांधून रंगमंच उभा-आडवा दोनदा फिरला की लोखंड निघतं. पण आधीच्या नर्तकीच्या चाळातून सुटलेला पितळी घुंगरू चुंबकाला लागत नाही. तो हातानेच, गुडघ्यांवर बसून, दिवे तिरपे टाकून शोधायचा. तिरप्या उजेडात बारीक वस्तूची लांब सावली पडते. मग ओल्या फडक्याने पुसायचं, साध्या पाण्याने. फिनेल नको, पॉलिश तर नकोच.

आता दादर. शिवाजी मंदिर १९६५पासून उभं आहे आणि तिथला सुट्टीचा दिवस म्हणजे तीन निराळी नाटकं, तीन निराळे सेट. एक नाटक संपून दुसऱ्याचा पडदा उघडेपर्यंत हातात दीड-दोन तास. त्यात जुना सेट बाहेर आणि नवा आत. हे काम ज्या क्रमाने चालतं त्यात पन्नास-साठ वर्षांचं शहाणपण आहे. टाळ्या थांबताच आधी हातात मावणाऱ्या वस्तू प्रॉपर्टीच्या ट्रंकेत, कपडे कपडेपटाकडे. मग फर्निचर. मग फ्लॅट, म्हणजे सेटच्या उभ्या भिंती, त्यांच्या मागचे आधाराचे ब्रेस आणि त्यांवरची वजनं काढायची, पण सगळी एकदम नाहीत. कोपऱ्यातले दोन फ्लॅट एकमेकांना धरून उभे असतात, त्यांना शेवटी हात लावायचा. आधी लावला तर अख्खी भिंत माणसावर येते. सेट बाहेर पडत असताना नव्या नाटकाचा टेम्पो खाली लागलेला असावा लागतो. तो रविवारी दादरच्या बाजारात अडकला की पुढचं सगळं घड्याळ पुढे सरकतं.

नवा सेट लावताना खरी मारामारी सेटवाल्यांची आणि प्रकाशवाल्यांची. वरचे दिवे वळवायला शिडी लागते, आणि एकदा लेव्हल (उंच चौथरे), जिना, सोफा जागेवर गेले की शिडी उभी राहत नाही. पण सेट नसेल तर दिवा नेमका कुठे पडायचा ते कळत नाही. यावरचा तोडगा खडू. नेपथ्याचा माणूस आधी जमिनीवर सेटच्या खुणा आखतो, दरवाजा इथे, सोफा इथे. प्रकाशवाला त्या खुणांवर माणूस उभा करून वरचे दिवे लावून घेतो. मग लेव्हल, मग मागचे फ्लॅट, मग बाजूचे, आणि शेवटी फर्निचर. समोरचे दिवे सगळ्यात शेवटी. दारं प्रत्येक प्रयोगाआधी दहा वेळा उघडून-लावून बघायची. पावसाळ्यात चौकट फुगते आणि तावातावाने ‘मी निघालो!’ म्हणून निघालेला नट दाराशी झटत राहतो, हे न पाहिलेला मराठी प्रेक्षक विरळा. असल्या घाईत सेट डोळ्यांना थोडा ढोबळ होतो, हे मान्य. पण दीड तासात दिवाणखाना मोडून चाळ उभी करणारी ही माणसं नसती तर आपली व्यावसायिक रंगभूमी कधीच मिटली असती, आणि त्यांची नावं श्रेयनामावलीत शेवटी, घाईघाईत वाचली जातात.

लोककलांची अडचण आवाजाची नाही, अंतराची आहे. तमाशात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग हा सगळा क्रम समोरच्याशी बोलत पुढे जातो. सोंगाड्याचा विनोद पहिल्या रांगेतल्या फेट्यावर असतो. नाट्यगृहात रंगमंचाची कड आणि पहिली खुर्ची यांत दहा-बारा फुटांची फट, वर अंधार. लावणी तिथे लगेच ‘सादरीकरण’ होऊन बसते. इलाज आहेत: मुख्य पडद्याच्या पुढच्या पट्ट्यात नाच आणायचा, प्रेक्षकांत उतरायला पायरी ठेवायची, पहिल्या पाच रांगांवर उजेड ठेवायचा, ढोलकी-हलगीवाल्यांना विंगेत न लपवता समोर बसवायचं. ढोलकीला वेगळा माइक बहुतेक वेळा नकोच असतो. लावला की गाण्यातला शब्द जातो, आणि लावणीत शब्द गेला तर उरतं काय! दशावताराला एक बाकडं पुरतं. तेच सिंहासन, तोच डोंगर. त्यामागे रंगीत देखाव्याचा पडदा सोडायचा मोह आयोजकांनी आवरावा.

एक्स्पेरिमेंटल थिएटरमध्ये तीनशेच्या आसपास माणसं मावतात आणि प्रेक्षक कुठे बसवायचे ते नाटकागणिक ठरवता येतं. मुंबईच्या प्रायोगिक नाटकाने मात्र ही मोकळीक फार आधी, फुकटात मिळवली होती. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग केले. तिथे ना खास ध्वनी, ना खास प्रकाश, शाळेचा हॉल तो. प्रेक्षक इतके जवळ की नटाला पुटपुटता यायचं, आणि मराठी अभिनय त्यामुळे बदलला. मोठ्या सभागृहात पोसलेला खणखणीत आवाज तिथे खोटा वाटू लागला. पुढे तीच नाटकं मोठ्या रंगमंचावर नेली की उलटं व्हायचं, पुटपुटणं पाचव्या रांगेत मरायचं.

आयोजक सभागृह घेताना तारीख, भाडं आणि पार्किंग विचारतात. त्याऐवजी चार गोष्टी आधी विचाराव्यात: जमीन कशावर बसवली आहे, एसी किती वाजता चालू मिळेल, प्रेक्षागृहातले दिवे मंद करता येतात की नुसते चालू-बंद, आणि आदल्या सत्रात काय आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा.

प्रेक्षकाने विचारायचा प्रश्न एकच, बसायचं कुठे. पंख्याच्या आकाराच्या सभागृहात गाणं ऐकायला अगदी पुढे न बसता मधल्या रांगांत बसावं, जिथे छतावरून उतरलेला आवाज मिळतो. तबल्याची आवड असेल तर प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, कारण तबलजी बहुतेक वेळा गायकाच्या उजवीकडे असतो. नाटकाला आठव्या रांगेच्या अलीकडे, चेहरे दिसतात. कथकला मात्र पहिल्या रांगेचं महागडं तिकीट काढू नये. रंगमंच बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास उंच असतो, पावलं कडेआड जातात. बाल्कनी असेल तर तिची पहिली रांग मागून घ्यावी.